रविवारची फेरी

बुधवार, ६ जानेवारी १९९९

विकणार! ओरेस्ट सगळं विकणार. अकराच्या अकरा रेडिओ केंद्रं.

आणि सांगायला दिवस निवडला तोही आजचा. जुन्या पंचांगाप्रमाणे आमची ख्रिसमसची आदली संध्याकाळ, टेबलावर बारा पदार्थ, टेबलक्लॉथखाली मूठभर गवत, त्याच्या बायकोच्या, हेलनच्या, जागी रिकामी ताटली. ती जाऊन चार वर्षं झाली तरी ताटली तो स्वतः मांडतो. 'कुत्या' या गोड खिरीचा पहिला घास घेतला — गहू, मध, खसखस — आणि म्हणाला, टोरांटोच्या लोकांनी मागणी घातलीय, मी हो म्हणायचं ठरवलंय.

मागणी घातलीय! जसं काही घरात लग्नाची मुलगी बसलीय.

मी विचारलं, कोण लोक? तो सुपात बघत बसला. पुन्हा विचारलं. मग मान वर करून म्हणाला, "दमलो, डार्का." सत्तरी ओलांडलेल्या माझ्या भावाच्या तोंडून हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. पुढचे दहा पदार्थ कसे खाल्ले मला आठवत नाही. नेहमी जेवणानंतर गाणी तो सुरू करतो. आज म्हणाला, घसा धरलाय. कुणीच गायलं नाही.

लिहिलं की बरं वाटेल म्हणून लिहितेय, पण वाटत नाही.

शुक्रवार, ८ जानेवारी

दोन दिवस एकच विचार. विकायला तिघांच्या सह्या लागतात — ओरेस्टची, माझी आणि धाकट्या तारासची. सुरुवातीलाच तसं ठरलं होतं. तारास गेल्यापासून त्याची सही म्हणजे त्याची बायको लॉर्ना. ती दूर पश्चिमेला केलोनात तळ्याकाठी राहते, ती आनंदानं करेल. म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्यावर.

एकसष्ट साली काय होतं आमच्याकडे? ट्रॅक्टरच्या दुकानामागची एक खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, आवाज घुमू नये म्हणून. तारास तारा जोडायचा, ओरेस्ट बोलायचा आणि उरलेल्या वेळात दारोदार फिरून जाहिराती मिळवायचा, आणि मी वाचायचे. शाळेत शिकवत होते, उच्चार स्वच्छ होते, एवढीच माझी लायकी. सकाळी धान्याचे भाव, दुपारी निधनवार्ता, संध्याकाळी हॉकी, रविवारी चर्च. मग ग्रेहॉर्स गावचं केंद्र बुडायला आलं, ते ओरेस्टनं घेतलं. ते बघून स्वान क्रॉसिंगची माणसं घरी आली, आमच्याकडे पण या म्हणाली. तो गेला. असा वाढत गेला. लोक म्हणतात ओरेस्ट प्रोकोपचुकनं साम्राज्य उभं केलं. साम्राज्य कसलं! त्याला नाही म्हणता यायचं नाही, एवढंच.

कान मात्र काय होता त्याचा! एका हिवाळ्यात स्वयंपाकघरात बसून रेडिओ ऐकताना एकदम उठला. म्हणाला, मनोऱ्यावर बर्फ धरतंय, आवाज जड झालाय. आम्हा कुणालाच फरक कळेना. जाऊन बघितलं तर खरंच, तारा बर्फानं वाकलेल्या. तारास आणि तो वर चढले, काठ्यांनी बर्फ झोडलं. नाहीतर मनोरा सकाळी शेतात आडवा असता.

हा माणूस दमला? माझा विश्वास नाही.

बुधवार, १३ जानेवारी

मलांकाचा, म्हणजे आमच्या नववर्षाच्या आदल्या रात्रीचा नाच, चर्चच्या हॉलमध्ये. सगळ्यांना कळलंय. नाचायला म्हणून हात धरतात आणि गिरकी घेता घेता विचारतात, "खरं का गं?" ओरेस्ट आला, कोपऱ्यात उभा राहिला, बँड सुरू झाला तसा निघून गेला.

रविवार, १७ जानेवारी

आज पण फोन नाही.

ही गोष्ट आधीच लिहून ठेवायला हवी होती. ओरेस्टची रविवारची फेरी. चर्च सुटलं की ब्यूकमध्ये बसायचं आणि गावोगाव हिंडायचं, आपली केंद्रं ऐकत. एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत. काही चुकलं की पहिल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवून फोन. गावाचं नाव असं नाही तसं म्हण. बातमी आणि जाहिरात यांच्यामध्ये झोपला होतास का? वाऱ्याची दिशा सांगितली नाहीस. केंद्रावरची मुलं त्याला 'रविवारची हजामत' म्हणतात. सगळे शिव्या देतात, पण फोन आला नाही की चुकल्यासारखं होतं.

शरद ऋतूपासून एकदाही आला नाही! मी ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगलाच ग्लेनला विचारलं होतं. ग्लेन आमचा सकाळचा निवेदक, रविवारी दुपारीही तोच बोलतो, भला मुलगा, मुलगा म्हणजे चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "आम्ही एवढे सुधारलो असं वाटत नाही, डार्का." तेव्हा हसलो आम्ही. आता कळतंय. ज्या घरातून निघायचं ठरलंय त्या घराच्या भिंती कोण रंगवतो?

पण फेरीला तो जातो. आजही गेला. मग ऐकतो काय?

शुक्रवार, २२ जानेवारी

टोरांटोचा माणूस येऊन गेला. नाव विटली. हॉल्टन कंपनीचा. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. ओरेस्टच्या घरी जेवण, मी बटाटा भरून पेरोगी केले होते. त्यानं ते काट्या-सुरीनं कापून खाल्ले, बटाटा बाहेर आला तरी कापतच राहिला.

म्हणाला, काही बदलणार नाही. आणि मग काय काय बदलणार ते सांगितलं. सकाळचा कार्यक्रम विनिपेगहून होईल, एकच माणूस अकरा गावांसाठी बोलेल, मध्ये गावाचं नाव तेवढं बदलायचं. ऐकणाऱ्याला कळणारही नाही म्हणाला. म्हणजे ग्लेन घरी. आणि आणखी नऊ-दहा जण.

नंतर माझ्याकडे वळला. निधनवार्तांनी लोकांचा मूड जातो असं त्यांच्या पाहणीत दिसलंय. त्या इंटरनेटवर टाकू.

मी म्हटलं, "आमच्याकडच्या म्हाताऱ्या इंटरनेटवर मरत नाहीत."

विटली मोठ्यानं हसला. तो हसला म्हणून ओरेस्ट हसला! माझा भाऊ! त्याच्याच टेबलावर बसून एक परका माणूस निधनवार्ता बंद करायच्या म्हणतो आणि हा हसतो!

अडतीस वर्षं वाचतेय मी त्या. दुपारी साडेबाराला गावातले ट्रॅक्टर थांबतात, दुकानदार गिऱ्हाइकाला थांब म्हणतो. फोनवरून निधनवार्ता मी घेत नाही. घरचं माणूस केंद्रावर यावं लागतं, माझ्यासमोर बसून नाव उच्चारून दाखवावं लागतं. इथे आइसलँडची नावं आहेत, इथल्या मूळच्या क्री लोकांची आहेत, फ्रेंच आहेत, आमची आहेत. माणसाचं नाव शेवटचं घेतलं जातंय, ते तरी नीट घ्यावं. हा नियम ओरेस्टनंच घातलेला. आणि आज तो कोबीचे रोल्स कापत बसला होता.

शनिवार, २३ जानेवारी

झोप नाही.

रविवार, ३१ जानेवारी

ग्रेहॉर्सचं केंद्र आज दुपारभर बंद पडलं होतं. नुसती शांतता. तिथला मुलगा टेप लावून जेवायला गेला आणि टेप तुटली. गावातून मला घरी फोन आले, ओरेस्ट उचलत नाही म्हणून. मीच धावपळ केली.

मग ग्रेहॉर्सच्या पंपावरची सिग्रिड सहज बोलता बोलता म्हणाली, तुझा भाऊ आला होता की दुपारी, पेट्रोल भरून गेला.

म्हणजे तो तिथेच होता. त्याच्याच केंद्राचा आवाज बंद, आणि तो पेट्रोल भरून पुढे गेला! पूर्वी दोन सेकंद शांतता झाली तर फोनवरून घर डोक्यावर घ्यायचा. मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन विचारलं. आधी म्हणाला तिकडे गेलोच नव्हतो. मी सिग्रिडचं नाव घेतलं तेव्हा म्हणाला, "लक्ष नव्हतं."

खोटं बोलला माझ्याशी. लहानपणी वडिलांचा मार खाल्ला पण खोटं बोलला नाही, तो ओरेस्ट.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

नवीनच ऐका. ग्लेनला मिशी काढायला सांगितलीय! ग्लेन वैतागून माझ्याकडे आला. "रेडिओवर मिशी कुणाला दिसते, डार्का?" त्याच्या बायकोला ती आवडते, वीस वर्षांची मिशी. ओरेस्टनं केबिनमध्ये बोलावलं, दोन मिनिटं त्याचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, ती मिशी काढ, तोंड दिसत नाही.

आम्ही दोघांनी मिळून अर्थ लावला. टोरांटोवाल्यांना फोटो लागणार असतील. बसवर लावायला, कॅलेंडरवर लावायला. गुळगुळीत चेहरे. ग्लेन म्हणाला, "आधी मिशी जाईल, मग मी." हसत म्हणाला. त्यानं मागच्याच वर्षी घर घेतलंय.

मी त्याला म्हटलं, माझी सही होईपर्यंत काही होत नाही. आणि सही झाली तरी मग परवाने देणारा ओटावाचा आयोग आहे, सुनावणी आहे, तिथे गावानं जाऊन बोलायचं. तो म्हणाला, आयोगासमोर गाव बोलेल, पण मि. प्रोकोपचुकच समोर हो म्हणत बसले असतील तर गावाचं कोण ऐकणार?

खरंय. सगळं माझ्यावर आलंय. मला नकोय हे.

शनिवार, १३ फेब्रुवारी

कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची स्पर्धा. जीव रमेल म्हणून गेले आणि जीव जाळून आले.

ओरेस्टचा संघ अंतिम फेरीत. शेवटचा दगड बर्फावरून घसरत चाललेला, तो लांब जावा म्हणून ओरेस्ट आणि डाक्टर फ्रीझन त्याच्यापुढे झाडू मारत, आणि पलीकडच्या टोकाला उभा राहून त्यांचा कप्तान ओरडतोय — थांबा! झाडू उचला! फ्रीझननं उचलला. ओरेस्ट आपला मारतोय, मारतोय, मान खाली घालून! कप्तानाचा गळा सुकला ओरडून. आम्ही काचेमागे बसलेले, आम्हाला ऐकू येत होतं. दगड वर्तुळातून सरळ पार निघून गेला. हरले.

ओरेस्टनं मान वर केली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि बूट काढायला गेला. कॉफीच्या टेबलावर लोक काय बोलले ते लिहिणार नाही. एक वाक्य लिहिते: आता तो कुणाचंच मानत नाही, पैसा अजून आला नाही तर ही तऱ्हा.

मी त्याची बाजू घेतली नाही. घ्यायला हवी होती का? मला वाटलंच नाही घ्यावीशी.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

लॉर्नाचा फोन. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, मग मुद्द्यावर. "तुला काय हवंय डार्का? मरेपर्यंत मेलेल्यांची नावं वाचायचीत?"

मी म्हटलं, हो.

मग म्हणाली की ओरेस्ट फोनवर येतच नाही, चिठ्ठ्या पाठवतो, भाऊ-बहीण दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही. सहा मार्चला वकिलांकडे बैठक आहे, त्या दिवशी काय ते एकदाचं होऊन जाऊ दे म्हणाली.

मनात येतं, तिचंही काय चुकलं? तारासनं आयुष्य त्या तारांत घातलं, तिनं थंडीत तिशी-चाळिशी काढली. तिला ऊन हवंय. ओरेस्टला काय हवंय ते मात्र समजत नाही. त्याला सरळ विचारलं होतं मी गेल्या आठवड्यात, समोर बसून: का विकतोस? म्हणाला, "माझ्या हातून आता ते सांभाळलं जाणार नाही. कुणीतरी धड माणसानं घ्यावं." एवढंच. धड माणूस म्हणजे तो विटली!

बुधवार, २४ फेब्रुवारी

आवाज गेला. सकाळी उठले तर घशातून नुसती हवा. डाक्टर म्हणाले आठवडाभर बोलायचं नाही. आज निधनवार्ता नव्हती, उद्या ग्लेन वाचेल. अडतीस वर्षांत दोनदाच असं झालंय. वाईट शकुन वाटतो.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

हसावं की रडावं! दोन्ही केलं आज.

ग्लेननं घाईत भलतीच टेप लावली. निधनवार्तांच्या मागे चर्चचा ऑर्गन असतो, मंद. त्याऐवजी हॉकीच्या मैदानावरचा ऑर्गन! गोल झाला की वाजवतात तो, टाळ्यांचा ठेका धरायला लावणारा. इकडे ग्लेन गंभीर आवाजात — मिसेस श्कोल्नी, वय नव्वद, यांचं शांतपणे निधन झालं — आणि मागे ढँण्-ढँण्-ढँण्! टेप थांबवायची कशी ते त्याला सुचेना, शेवटपर्यंत तशीच. मी स्वयंपाकघरात खुर्चीवरून पडायची राहिले. पाच मिनिटांत सगळ्या गावात हाच विषय. शेजारीण धावत आली. ग्लेन रडकुंडीला. शेवटी मिसेस श्कोल्नींच्या मुलानंच केंद्रावर फोन केला की आईनं हॉकीचा एकही सामना चुकवला नव्हता, तिला आवडलं असतं.

आणि मग चारच्या सुमाराला ओरेस्ट आला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस म्हणून बिनमटणाचं बोर्श्ट, बिटाचं सूप, घेऊन आला, मोठी बरणी भरून. मी पुटपुटत त्याला बस म्हटलं, चहा ठेवू का विचारलं. शेजारणीला माझं बोलणं तीन-तीनदा विचारावं लागत होतं, याला पटकन कळलं. माझ्या समोरच बसला. घशाला काय झालं, अवाक्षर नाही! भाऊ आहे ना?

चहा घेतला आणि म्हणाला, "आज छान वाचलंस. गाडीत ऐकत होतो. श्कोल्नीबाईचं तर फारच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

त्यानं माझा हात थोपटला आणि गेला.

म्हणजे ऐकलंच नव्हतं त्यानं. एक शब्द नाही. गावातलं शेंबडं पोर हसतंय आज, आणि यानं रेडिओ लावलासुद्धा नाही, आणि येऊन माझी स्तुती करतोय. का? सहा तारीख जवळ आली म्हणून! सहीसाठी बहिणीला लोणी लावतोय.

बोर्श्ट मोरीत ओतलं.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

ठरलं. नाही म्हणजे नाही.

बुधवार, ३ मार्च

आवाज परत येतोय. आरशासमोर उभी राहून बोलायचं ते घोकतेय. शाळेत नाटकापूर्वी करायचे तशी. भावाच्या तोंडावर बोलायचं आणि त्यासाठी तालीम करायची! हेलन असती तर तिनं दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती.

शनिवार, ६ मार्च

झालं.

क्रेडिट युनियनच्या वरच्या मजल्यावर, वकीलबाई बुशार यांचं ऑफिस. विटली टोरांटोहून आलेला. लॉर्ना फोनवर, टेबलाच्या मध्ये ठेवलेल्या खोक्यातून तिचा आवाज. ती खूप वेळ बोलली, तारासबद्दल, थंडीबद्दल, चांगलंच बोलली. ओरेस्ट खोक्याकडे बघून मान हलवत होता. ती बोलायची थांबली तरी हलवत होता.

मग बुशारबाईंनी मला विचारलं. मी घोकलेलं सगळं विसरले. ओरेस्टकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "थँक्सगिव्हिंगपासून एक तरी फोन केलास कुठल्या केंद्राला?"

म्हणाला, "नाही."

"ग्रेहॉर्स बंद पडलं तेव्हा तू तिथे होतास."

"होतो."

"मागच्या गुरुवारी निधनवार्ता कोणी वाचल्या, ओरेस्ट?"

बुशारबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही माहीत, खालच्या कॅशियरलाही माहीत. ओरेस्टनं एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, शाळेत उत्तर न येणारा मुलगा बघतो तसा. कान लाल झाले त्याचे. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तू."

मी सगळ्यांसमोर सांगितलं त्याला, ग्लेननं वाचल्या, हॉकीचा ऑर्गन लावून. सांगितलं की तुला या केंद्रांचं काही पडलेलं नाही, आमचंही नाही, आणि तुझ्यासारख्या माणसाच्या हातून ती विटलीच्या हातात गेली काय आणि पाण्यात गेली काय, पण माझ्या सहीनं जाणार नाहीत. खोक्यातून लॉर्ना म्हणत होती, डार्का, डार्का, पुरे.

तो भांडला नाही. मला वाटलं होतं भांडेल. त्यानं टोपी उचलली, सगळ्यांना मान लववली आणि जिना उतरून गेला. विटलीनं कागद गोळा केले.

जिंकले मी. ग्लेनला फोन केला, तो रडला. मग त्याच्या बायकोनं फोन घेतला आणि तीही रडली. मला आनंद व्हायला हवा. तो "तू" डोक्यातून जात नाही. लबाड माणूस असं उत्तर देत नाही. काहीतरी मला दिसत नाहीय.

रविवार, ७ मार्च

चर्च सुटल्यावर त्याच्या मागे गेले. ग्रेहॉर्सच्या वळणावर, धान्याच्या कोठारापाशी ब्यूक उभी होती. लांबूनच रेडिओ ऐकू आला. गाणं नाही, बोलणं नाही. कुठलंच केंद्र लागलेलं नव्हतं, नुसती खरखर, पूर्ण मोठ्या आवाजात, काचा थरथरतील एवढी. ओरेस्ट आत बसलेला. डोळे मिटलेले, उजवा हात डॅशबोर्डवर सपाट टेकवलेला, आणि चेहरा शांत.

माझ्या भावाला ऐकू येत नाही.

मिशी! कर्लिंग. लॉर्नाचा खोका. देवा, काय काय बोलले मी काल, आणि तेही त्याच्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द त्याला दिसेल असं.

दार उघडून शेजारी बसले. तो दचकला, मग हसून म्हणाला, "ग्लेन आज बरा बोलतोय."

मी रेडिओचं बटण फिरवून आमचं केंद्र लावलं. त्याला कळलं नाही. मी त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, कधीपासून? त्यानं डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "सप्टेंबर. लॉर्नाला सांगू नकोस. रेडिओवाला आणि बहिरा — गाव हसेल."

मी म्हटलं, सरक. गाडी मी चालवते.

अकराही हद्दींतून गेलो, अंधार पडेपर्यंत. जे ऐकलं ते प्रत्येक थांब्यावर त्याच्याकडे तोंड करून सांगितलं. स्वान क्रॉसिंगच्या पंपावर त्यानं माझ्या हातावर नाणं ठेवलं. मी फोन लावला आणि ग्लेनला झापलं — वाऱ्याची दिशा सांगितली नाहीस म्हणून. काचेतून ओरेस्ट माझ्या ओठांकडे बघत होता.